युरोपात राजकीय जाहिराती बंद : मालकाचा हक्क की पळवाट?

अनिकेत (ॲमस्टेलवीन)
युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींचा कायदा १० ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. जाहिरातीवर ‘राजकीय’ अशी पट्टी हवी, पैसे कोणी दिले आणि कोणत्या मतदारांना हेरून ती दाखवली ते सांगायला हवं. मोडलंत तर वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. गूगल आणि मेटा (फेसबुकची मालक कंपनी) यांनी काय केलं? संघातल्या सगळ्या देशांत राजकीय जाहिराती घेणंच बंद केलं. तीन आठवड्यांच्या आत, २९ ऑक्टोबरला, इथे नेदरलँड्समध्ये संसदेची निवडणूक झाली.

मला हे अजिबात पटलेलं नाही. मेटानं तर ‘सामाजिक प्रश्न’सुद्धा यात ओढले, म्हणजे हवामानावर बोलणाऱ्या संस्थाही बाहेर. लाखो फॉलोअर असलेल्या नेत्याचं काहीच बिघडत नाही. मार खातो तो नवा माणूस. इथे पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्या आपल्यासारख्यांना नगरपालिकेला मत देता येतं, आणि त्या निवडणुकीत एकाच गावापुरते पक्ष उभे असतात. थोड्या पैशांत आपल्या गावच्या मतदारांपर्यंत जायची त्यांची वाट बंद झाली. शिवाय आधी या कंपन्यांचा ऑनलाइन जाहिरात संग्रह उघडला की कोणी किती खर्च केला, कोणत्या वयोगटाला काय दाखवलं ते दिसायचं. आता तोच प्रचार साध्या पोस्टमधून येणार, आणि त्याचा हिशेब कुठेच नाही.

मृण्मयी
अनिकेत, कोणाची जाहिरात घ्यायची हे कंपनीनं ठरवलं तर त्यात गैर काय? वर्तमानपत्रंही नाकारतात. ब्रिटनमध्ये टीव्ही-रेडिओवर राजकीय जाहिरातींना बंदीच आहे. एक प्राणीहक्क संस्था त्याविरुद्ध युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये ९ विरुद्ध ८ अशी हरली. पैसेवाल्यांना चर्चा विकत घेऊ द्यायची नाही, हे कारण न्यायालयाला पटलं. ट्विटरच्या जॅक डॉर्सींनी २०१९ मध्ये बंदी घातली तेव्हा हेच म्हटलं होतं : राजकीय संदेशाची पोच कमवायची असते, विकत घ्यायची नसते. मी शब्दाशब्दाशी सहमत आहे.

अनिकेत (ॲमस्टेलवीन)
ब्रिटनची बंदी संसदेनं केली आहे, आणि तिथे पक्षांना फुकट प्रसारणवेळ मिळते. डॉर्सींच्या बंदीचं काय झालं? कंपनी मस्क यांच्याकडे गेली आणि २०२३ मध्ये अमेरिकेत राजकीय जाहिराती पुन्हा सुरू. मालक बदलला की नियम बदलला!

सदानंद (नाशिक)
उमेदवाराच्या कचेरीत बसून राजकीय जाहिरातींची कागदपत्रं मी केली आहेत, म्हणून लिहितो. आपल्याकडे अशा जाहिरातीला निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीचं प्रमाणपत्र लागतं. टीव्हीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या आदेशापासून, सोशल मीडियासाठी २०१३ पासून. जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता, खर्चाचा आकडा, आणि हे सगळं प्रसारणाच्या तीन दिवस आधी. एक ओळ बदलली की संहिता पुन्हा टाइप करा, पुन्हा सही घ्या. हे सगळं कोण करतं? सरळमार्गी उमेदवार. ज्यांच्याकडे खरा पैसा आहे ते पक्षाचं नावही नसलेल्या पेजेसवरून बिनधास्त जाहिराती चालवतात. पट्टी लावून ही माणसं सापडत नाहीत. त्यापेक्षा पैसे घेणंच बंद केलेलं बरं. मी मृण्मयीताईंच्या बाजूनं.

प्रज्ञा (न्यू जर्सी)
सदानंदकाका, सरसकट बंदी कशी फसते ते आम्ही इथे पाहिलंय. ३ नोव्हेंबर २०२०चं मतदान संपल्यावर फेसबुकनं राजकीय जाहिराती थांबवल्या. पण जॉर्जिया राज्यात सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) दोन जागांसाठी मतदानाची दुसरी, निर्णायक फेरी ५ जानेवारीला होती! दोन्ही पक्ष ओरडले, तेव्हा १६ डिसेंबरला फक्त त्या राज्यापुरतं दार उघडलं. बाकी देशात मार्च २०२१ पर्यंत बंदच. सिनेट कोणाच्या हाती जाणार हे ठरवणाऱ्या निवडणुकीत मतदारांना काय दिसावं, हे एका कंपनीच्या कचेरीत ठरत होतं. मला ते तेव्हाही भयंकर वाटलं, आजही वाटतं.

मृण्मयी
प्रज्ञा, मान्य, ते वाईटच झालं. पण त्यावर उपाय पैशाला मोकळं रान देणं नाही. अनिकेत, तुमच्याकडे निवडणुकीत नगरपालिका चौकात मोठा फलक उभारते ना? सगळ्या पक्षांची पोस्टर्स शेजारीशेजारी, एकाच मापाची. ऑनलाइन तसं का नको?

अनिकेत (ॲमस्टेलवीन)
तसं हवंच. पण मग ते कायद्यात लिहा : निवडणुकीच्या काळात प्रत्येक पक्षाच्या उमेदवार यादीला सारखी, फुकट जागा, आणि ती देणं कंपनीवर बंधनकारक. या मागणीवर मी आज सही करतो. कंपनीनं दंडाच्या भीतीनं आपणहून दार लावून घेतलं, त्याला मात्र माझा विरोध कायम आहे.