गाडी थांबवा, पण का थांबली ते सांगा

कुडाळचा चाकरमानी
गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री मी, आई आणि धाकटी लेक कोकण रेल्वेने गावी निघालो. पहाटे चिपळूण मागे पडलं आणि पुढच्या एका आडस्टेशनात गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली, ती साडेतीन तास हलली नाही. बाहेर धो धो पाऊस, फलाटावर चहाची टपरीसुद्धा नाही. आईला इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर खावं लागतं. आता सुटेल, मग सुटेल असं म्हणत आम्ही पहिल्या तासातच भाकरी-भाजी संपवली होती. इतका वेळ जाणार हे कळलं असतं तर आईपुरती अर्धी भाकरी तरी राखली असती. एकही घोषणा झाली नाही. मोबाईलवर गाडी वेळेत दाखवत होते. घरी गणपती पाटावर बसवायचा खोळंबला, भटजी दुसऱ्या घरी निघून गेले.

उशीर मी सोसतो, अंधारात ठेवणं सोसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

खेडची माहेरवाशीण
दादा, आईंचे हाल वाचून वाईट वाटलं. तरीही मी तुमच्या बाजूची नाही. माझे बाबा याच मार्गावर ट्रॅकमन होते. पावसाळ्यात रात्रभर बॅटरी घेऊन रुळांवरून चालत गस्त घालायचे, घरी आले की पायांची बोटं पांढरीफटक पडलेली असायची. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीमुळे गाडी घसरली, ५० हून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ तसंच घडलं. पावसाळी वेळापत्रक, जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरचा वेग, हे सगळं आम्ही त्या मरणांची आठवण ठेवून पाळतो.

आणि किती वेळ लागेल हे सांगणार कोण? १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आली, तेव्हा मार्ग मोकळा व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. तासाभरात सुटेल असं खोटं सांगण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

रत्नागिरी-दादर, महिन्यातून दोनदा
ताई, दरडीचं मान्य. पण चतुर्थीच्या गर्दीत रखडणारी प्रत्येक गाडी दरडीमुळे रखडत नाही. सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गात रोहा ते वीर हा जेमतेम ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे एकच रूळ. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूला व्हायचं. एक गाडी अर्धा तास चुकली की तिची क्रॉसिंगं चुकतात, मग त्या क्रॉसिंगवाल्या गाड्यांची पुढची क्रॉसिंगं. त्यात गणपतीच्या जादा गाड्या. मानाच्या गाडीला आधी वाट मिळते आणि दिवा स्टेशनावरून सुटणारी पॅसेंजर उभीच राहते, तिच्यात तर सगळे गावकरीच असतात. त्या दिवशी पाऊस होता म्हणून सगळा दोष पावसावर ढकलू नका. दुसरा रूळ मागा.

एक वकील, सावंतवाडी
हक्काचं बोलू. तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावरच गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं. ऑनलाइन तिकिटाचा टीडीआर, म्हणजे भाडं परत मागायचा अर्ज, मात्र गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी भरायला हवा. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं होतं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये भरपाई कायम केली. उशिराचं कारण आपल्या हाताबाहेरचं होतं हे रेल्वेनेच दाखवायचं, असं न्यायालयाने म्हटलं.

मालवणी माणूस
वकीलसायबांनू, ह्या सगळा खरा, पण आमच्या उपयोगाचा नाय. दादराक गाडी टायमार सुटता, अडाकता ती वीराच्या फुडे. थयसून तिकीट परत करून खय जातलंव? माझो उपाय ऐका. चतुर्थीच्या आदल्या रातीची गाडी धरूच नको, दोन दिस आधी निघा. पिशयेत सुके फोव, गूळ, दोन बाटल्यो पाणी. म्हाताऱ्यांची औषधा हातातल्या पिशयेत, सीटखालच्या बॅगेत नको. आणि गाडी लूपाक उभी ऱ्हवली म्हणान पलीकडच्या बाजून उतरा नको, थयसूनच दुसरी गाडी भरधाव जाता.

कुडाळचा चाकरमानी
बाबानू, दोन दिवस आधीची रजा कारखान्यात कोण देणार? मला एक दिवस मिळाला, तोही भांडून. सुक्या पोह्यांचं मात्र लक्षात ठेवतो.

खेडच्या ताई, तुमचं वाचून माझं म्हणणं बदललं. वेळ सांगू नका, खरंच कुणाला सांगता येणार नाही. पण कारण सांगा. क्रॉसिंग असेल तर मी शांत बसतो, नळावर पाणी भरून घेतो. दरड असेल तर आईला घेऊन उतरतो, रिक्षा करून हायवेवर एसटी गाठतो. वकीलसाहेब म्हणतात तशी दाद मागायची तरी कारण कुठेतरी ऐकलेलं हवं.

खेडची माहेरवाशीण
हे आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कारण स्टेशन मास्तरला कंट्रोलच्या, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कक्षाच्या, फोनवर लगेच कळतं, तुमचं मागणं रास्त आहे. पण आडस्टेशनात रात्री तो बहुधा एकटाच असतो, आणि गाड्या अडकल्या की फोन हातातून सुटत नाही. मग डब्यापर्यंत येऊन सांगायचं कुणी? बाबांचं उत्तर: गाडीत टीसी असतो, त्याला कळवा, त्याने डब्यातून फिरावं.