मनगटावरची गॅन्ग्लियनची गाठ: पाणी काढून घ्यावं, ऑपरेशन करावं की थांबावं?

उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला आठ महिन्यांपासून गाठ आहे. आधी हरभऱ्याएवढी होती, आता बोराएवढी झालीय. हात सरळ असला की फारशी कळत नाही, मनगट आत वाकवलं की टचकन वर येते. दाबली तर रबरासारखी घट्ट लागते. दिवसभर टायपिंग झालं की फुगते, चार दिवस हाताला आराम मिळाला की बसते.

मी फार घाबरले होते, कारण गाठ म्हटलं की मनात पहिला विचार कॅन्सरचाच येतो. हाडांच्या डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवून गाठीला टॉर्च लावला, तर ती आतून लालसर उजळली. उजेड आरपार जातोय म्हणजे आत पाणी आहे, असं ते म्हणाले. सोनोग्राफीतही गॅन्ग्लियनच आलं. सांध्याच्या आवरणातून एक फुगा बाहेर येतो, त्यात जेलीसारखा चिकट द्रव साठतो आणि त्याचं देठ आत सांध्याशी जोडलेलं असतं. ही गाठ कॅन्सरची नसते आणि पुढेही तशी होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नाही. पण जमिनीवर तळवा टेकून उठताना अशी कळ येते की हात झटकन उचलावा लागतो. पट्टा बांधला की बरं वाटतं, मात्र तो कायम वापरला तर स्नायू कमजोर होतील म्हणून जपून वापरायला सांगितलंय.

डॉक्टरांनी निर्णय माझ्यावर सोडलाय. सुईने पाणी काढलेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांची गाठ परत भरते म्हणे, कारण देठ आत तसंच राहतं. ऑपरेशनमध्ये देठासकट काढतात, तरी काहींना परत येतेच. तुमच्यापैकी कोणी काय केलं? घरातले थोरले जाड पुस्तक आपटून फोडायला सांगताहेत, त्याची मला भीती वाटते.

प्रतिसाद १
पुस्तकाचं कृपा करून करू नका. हाड मोडू शकतं, शिवाय गाठ परत येतेच. माझी गाठ अंगठ्याच्या बाजूला, तळहाताकडे होती. नाडी बघतात ती धमनी तिथे अगदी चिकटून असल्यामुळे डॉक्टरांनी सुई टाळली आणि ऑपरेशन केलं. त्याच दिवशी घरी आले. टाके निघाले तरी मनगट आखडलेलं होतं, पूर्ण वाकायला दीड महिना आणि रोजचे व्यायाम लागले. तीन वर्षांत परत आलेली नाही.

प्रतिसाद २
मी काहीच केलं नाही. दुखत नव्हती, नुसती दिसायची. दीड वर्षाने एक दिवस लक्षात आलं की गाठ नाहीये. बऱ्याच जणांची अशीच आपोआप जाते. तुम्हाला मात्र कळ येतेय, म्हणून सरसकट ‘थांबा’ असं मी म्हणणार नाही. बोटं बधिर झाली, पकड सुटायला लागली किंवा गाठ लाल आणि गरम झाली तर लगेच दाखवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पाणी काढून घेण्याचा विचार सोडला. आणखी तीन महिने बघते, टायपिंगच्या मध्ये हात मोकळा ठेवते. तळवा टेकताना तेव्हाही अशीच कळ येत असेल, तर ऑपरेशन. प्रतिसाद १ मधल्या ताई, मनगटाचे व्यायाम टाके निघाल्यावर किती दिवसांनी सुरू केलेत?