वाड्यावरची मंडळी: सॉस गेला, पिकं आली

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

मंदार (एडिसन): विकला. सॉसला विकला. डबा खाताना फोन बघितला, तोंडातला घास तोंडातच राहिला.

माई: कोण गेलं रे??

मंदार: कोणी नाही माई. सॉस गार्डनर. आमच्या न्यूयॉर्क जेट्सचा, अमेरिकन फुटबॉलवाला. इंडियानापोलिस कोल्ट्सला दिला.

माई: मग नीट लिहावं. रात्री साडेदहाला "विकला, गेला" वाचून छातीत धस्स होतं.

बंडूकाका: सॉस हे माणसाचं नाव आहे?

निखिल (जर्सी सिटी): टोपणनाव, काका. खरं नाव अहमद.

बंडूकाका: असेल. माझंही कागदोपत्री बंडू नाही.

निखिल: दादा, रडण्याआधी भाव तरी बघ. कोल्ट्सचे २०२६ आणि २०२७ चे पहिल्या राउंडचे पिक, वर अडोनाय मिचेल हा खेळाडू. एका कॉर्नरचे, म्हणजे कडेच्या बचावपटूचे! आता आपल्याकडे २०२६ ला दोन, २०२७ ला दोन. पहिल्या राउंडचे चार पिक.

मंदार: याच जुलैत त्याच्याशी चार वर्षांचा १२० मिलियनचा करार केला. जुलैत सही, नोव्हेंबरात रवानगी. मग सही कशाला घेतली? २०२२ ला चौथ्या नंबरवर घेतलेला पोरगा, पहिल्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम नवा खेळाडू. चौदा-पंधरा वर्षांत आमच्या हाताला धड लागलेले दोन-तीनच, त्यातला हा एक.

बंडूकाका: एक शंका. पिक म्हणजे पीक? शेतकरी झालास का तिकडे?

निखिल: काका, कॉलेजातून निघालेल्या खेळाडूंची दर एप्रिलला निवड असते, तिला ड्राफ्ट म्हणतात. एक पिक म्हणजे एक निवड. ३२ टीम, सात राउंड. जो सगळ्यात खाली त्याला पहिली निवड. जिंकणारा शेवटी.

बंडूकाका: म्हणजे नापास होईल त्याला पहिल्या बाकावर बसवतात. मग तुमचा संघ दरवर्षी पहिल्याच बाकावर असणार.

केतकी (बॉस्टन): काका 😂😂

मंदार: केतकी, तू बोलू नकोस.

केतकी: मी कुठे काय बोलले? आम्ही पॅट्रियट्सवाले ७-२ आहोत, सात जिंकून दोन हरलेले, तुम्ही १-७. मी गप्पच आहे.

विनायक (ठाणे): आयपीएलसारखा लिलाव का नाही करत? पैसे टाका, माणूस घ्या. सरळ हिशोब.

निखिल: विनूदादा, प्रत्येक टीमच्या पगाराला वरची मर्यादा आहे. म्हणून तर ड्राफ्टचा पोरगा सोन्यासारखा. पहिली चार वर्षं स्वस्तात खेळतो. पुन्हा टाकतो, कोणी नीट वाचलेलं दिसत नाही: २०२६ ला दोन, २०२७ ला दोन. चार.

मंदार: कोल्ट्सपण ७-२ आहेत. त्यांचा पिक येणार पार शेवटी शेवटी. तोही मोजतोस चारात?

निखिल: मोजतो. जमाल ॲडम्सला सिॲटलला दिला तेव्हाही तू असाच आठवडाभर जेवला नव्हतास. २०२० साल, वहिनीला विचार. त्याच सौद्यातल्या पिकवर गॅरेट विल्सन आला. दहावा. ज्याची जर्सी घालून तू गणपतीला आरती केलीस.

रश्मी: आठवडाभर नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बिर्याणी केली होती.

मंदार: बरं, गॅरेट आला. मान्य. पण निवडणारा माणूस कोण होता? तेव्हाचा मॅनेजर जो डग्लस. त्याला गेल्या नोव्हेंबरात घरी बसवला. त्याच्या आधी महिनाभर कोच सालेहला काढला. आता नवा मॅनेजर, नवा कोच, आणि जुन्यांनी आणलेलं ते सगळं भंगार. दर चार वर्षांनी घर पाडून पाया खणायचा. राहायला कधी जायचं?

मंदार: आणि निवडीचं म्हणशील तर २०१८ काढ. सहाव्यावरून तिसऱ्यावर जायला कोल्ट्सना दुसऱ्या राउंडचे तीन पिक मोजले. हो, तेच कोल्ट्स. घेतला कोण? क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून खेळ चालवणारा, डार्नल्ड. सातव्यावर जॉश ॲलन, तोही क्वार्टरबॅक, गेला, तो बफेलोला. आमच्याच गटात. वर्षातून दोनदा येऊन मारतो.

निखिल: डार्नल्ड वाईट नव्हता. गेल्या वर्षी मिनेसोटात १४ सामने जिंकला.

मंदार: तेच सांगतोय!! इथून बाहेर पडला की माणूस बरा होतो. बेक्टन बघ. आमच्याकडे सारखा जायबंदी, फिलाडेल्फियात गेला आणि सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकून बसला. हे खेळाडूंचं नाही, मातीचं आहे.

विनायक: मातीवरून आठवलं. गुहागरची बागही अशीच विकली होती. फळ देणारी कलमं देऊन पुण्यात कागद घेतले.

विनायक: "पुढच्या पिढीसाठी."

सुमनकाकू: झालं सुरू.

बंडूकाका: विनायक, २००९ साली तू सही केलीस. हसत केलीस. पेढाही खाल्लास.

विनायक: मी फक्त उदाहरण दिलं काका. फुटबॉलचं चाललंय म्हणून.

बंडूकाका: आप्पांच्या बायपासचे पैसे कुठून आले हेही उदाहरण म्हणून सांगू का?

विनायक: हा मेसेज डिलीट केला आहे.

माई: आप्पांचं नाव इथे नको. उद्या त्रिपुरी पौर्णिमा आहे.

मंदार: थांबा थांबा. क्विनेनपण गेला.

रश्मी: तो कोण आता?

मंदार: क्विनेन विल्यम्स. बचावाच्या मधला खांब. २०१९ चा तिसरा पिक. डॅलसला दिला. मी घरी चाललोय, आज माझ्याच्याने काम होणार नाही.

निखिल: २०२७ चा पहिल्या राउंडचा, २०२६ चा दुसऱ्या राउंडचा, वर मेझी स्मिथ! सुधारित यादी: २०२६ ला दोन, २०२७ ला तीन. पाच. पहिल्या राउंडचे पाच पिक, दोन वर्षांत.

केतकी: पाच का? छान. २००० साली तुमच्याकडे एकाच ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडचे चार होते. चारही वापरलेत. त्यातल्या एकावर क्वार्टरबॅकच घेतलात, पेनिंग्टन. आम्ही त्याच ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरवर दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी घेतला. बाकी चालू द्या.

निखिल: पेनिंग्टन चांगला होता.

केतकी: होता ना. खांदा होता तोवर.

मंदार: केतकी, तुझं लग्न ठरलं तेव्हा या घरात तुझ्या बाजूने मी एकटा बोललो होतो. विसरू नकोस.

केतकी: दादा, विसरले नाही. म्हणून बटफम्बलचा व्हिडिओ टाकला नाही अजून.

रश्मी: त्या सामन्याला मी होते!! २०१२ ची थँक्सगिव्हिंग. घरी बारा माणसांचा स्वयंपाक, तो ननंदेच्या गळ्यात घालून हा मला थंडीत मेटलाइफ स्टेडियमला घेऊन गेला. आणि तो आमचा क्वार्टरबॅक सँचेझ पळत जाऊन आपल्याच माणसाच्या ढुंगणावर आपटला, बॉल सुटला, तो केतकीच्या पॅट्रियट्सनी पळवला. मला तेव्हा नियम माहीत नव्हते. मला वाटलं असंच असतं.

सुमनकाकू: 🤣🤣 रश्मी!

बंडूकाका: आता माझं गंभीरपणे ऐका. कोचला वेळ द्यावा लागतो. रविवारी नवी मुंबईत काय झालं? आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. कोच कोण? अमोल मुजुमदार. जन्मभर रणजीत धावा केल्या, भारताची टोपी मिळाली नाही. याच स्पर्धेत ओळीने तीन सामने हरले तेव्हा याच ग्रुपवर "कोचला हाकला" कोणी लिहिलं होतं? विनायक, वर जाऊन बघ.

विनायक: मी फलंदाजीच्या क्रमाबद्दल बोललो होतो.

बंडूकाका: "हाकला" हा शब्द आहे. तुझाच.

मंदार: काका, अमोलने जेमिमाला ऑस्ट्रेलियाला देऊन २०२९ साठी दोन शाळकरी मुली मागवल्या नाहीत.

बंडूकाका: इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलीच होती की तिला. परत आणली आणि तिने उपांत्य सामन्यात नाबाद १२७ केल्या. शफाली तर मूळ संघातही नव्हती. प्रतीका जायबंदी झाली म्हणून बोलावली, अंतिम सामन्यात ८७. कोचिंग याला म्हणतात. कोणाला कधी बसवायचं, कधी उठवायचं.

मंदार: मग आमचा कोच ॲरन ग्लेन बघा. स्वतः कॉर्नर होता, १९९४ ला याच जेट्सने पहिल्या राउंडला घेतलेला. त्याच्याकडून निदान बचाव सुधारेल असं वाटलं होतं. ओळीने सात हरला. लंडनला ब्रॉन्कोसविरुद्ध पासिंगचे एकूण यार्ड किती माहितीय? उणे दहा. संपूर्ण सामन्यात. आमचा क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स, त्याला नऊ वेळा मागे आडवा केला. मैदानावर नुसते उभे राहिले असते तर शून्य झाले असते.

निखिल: आणि तरी ११-१३ नेच हरलो. म्हणजे बचाव चांगला होता.

मंदार: तोच बचाव आज विकला रे बाबा!!!

अद्वैत: बाबा, आपल्या टीमने आठ सामन्यांत एकही इंटरसेप्शन घेतलेलं नाही, म्हणजे समोरच्याचा पास मधेच पकडलेला नाही. एकही. सॉस असून. मला हा ट्रेड ठीक वाटतो.

मंदार: तू शाळेत नाहीस का?

अद्वैत: तुम्ही ऑफिसात नाही का?

बंडूकाका: शाब्बास. हा आमचा.

निखिल: अद्वैतला कळतं, दादाला कळत नाही. परत: २०२६ ला दोन, २०२७ ला तीन.

सुमनकाकू: निखिल, पाठ झालं आता. झोपेत विचारलंस तरी सांगू.

निखिल: काकू, मुद्दा असा की फील्ड्सवर काही उभं राहणार नाही. ओनरनेच चारचौघांत क्वार्टरबॅकचे वाभाडे काढले, त्यानंतर सिनसिनाटीला ३९-३८ ने हरवलं, तेही जिंकून देणारा पास टाकला ब्रीस हॉलने, जो क्वार्टरबॅक नाहीच. चांगला क्वार्टरबॅक हवा तर वरचा पिक हवा. वरचा पिक हवा तर हरायला हवं, नाहीतर द्यायला बाकीचे पिक हवेत. आता दोन्ही आहे.

मंदार: हरायलाही जमत नाही आपल्याला. २०२० आठव. ओळीने १३ हरलो. ट्रेव्हर लॉरेन्स घरात आल्यातच जमा होता. मग उगाच दोन सामने जिंकले आणि तो गेला जॅक्सनव्हिलला. आपल्याला दुसरा नंबर, त्यावर झॅक विल्सन.

विनायक: हे मात्र आपल्या घराण्यासारखं आहे.

बंडूकाका: विनायक, मी जागा आहे.

मंदार: मला दुःख पिकचं नाहीच. मी १९९८ ला इकडे आलो. हे सुपर बोल शेवटचं जिंकले १९६९ च्या जानेवारीत, तेव्हा बाबांचं लग्नही झालं नव्हतं. प्लेऑफ शेवटचं २०१० च्या मोसमात, अद्वैत पाळण्यात. क्वार्टरबॅक रॉजर्स आणला, तो चौथ्याच चालीला टाच धरून बसला, स्टेडियममध्ये एवढी माणसं असून चिडीचूप. मी होतो तिथे. दरवेळी पुढचं वर्ष, पुढचं वर्ष. निदान एक माणूस असा होता की रविवारी त्याच्याकडे बोट दाखवून पोराला म्हणता यायचं, हा बघ, हा आपला.

रश्मी: आणि १ नंबरची ती जर्सी याच दिवाळीत घेतली. ओवाळणीच्या पैशांतून.

निखिल: मी परतीची तारीख बघून घे म्हटलं होतं.

बंडूकाका: निखिल, कधीतरी गप्प बसावं.

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

माई: सुप्रभात 🙏 आज देवळात त्रिपुर लावायला संध्याकाळी सहाला जाणार आहोत. वातींचं मी बघते. तेल सुमनने आणावं, मागच्या वर्षी मीच आणलं होतं.

सुमनकाकू: आणते. गेल्या वर्षीही निम्मं माझंच होतं.

विनायक: काका, रात्री जरा जास्त बोललो. मनात काही नाही.

बंडूकाका: माझ्याही नाही. बागेची कागदपत्रं कपाटात आहेत, कधीही येऊन बघ.

विनायक: तसं नाही म्हणालो काका.

बंडूकाका: मीही तसं नाही म्हणालो. ये.

निखिल: सुप्रभात. रात्री ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: २०२६ ला दोन, २०२७ ला तीन.

केतकी: निखिलला म्यूट करायची सोय आहे का?

माई: मंदार, ती जर्सी आता वापरणार नसाल तर इकडे येताना घेऊन ये. कापड चांगलं असेल तर गोधडीला लावते. हिरवा रंग कमीच आहे माझ्याकडे.

मंदार: नको माई. अद्वैत तीच घालून झोपलाय.

निखिल: दादा, रविवारी ब्राउन्सविरुद्धच्या सामन्याला किती वाजता निघायचं?

रश्मी: आधी मागच्या मोसमाच्या तिकिटांचे पैसे, निखिल.