हिरवं स्टेटस म्हणजे पोस्टफिक्स चालू, असं नाही
पोस्टफिक्स (लिनक्सवरचा मेल सर्व्हर) चालत नसला आणि सर्व्हिसची स्थिती सांगणारी 'सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स' ही कमांड हिरवं दाखवत असली, की दोष फायरवॉलचाच, असं काहीजण म्हणतात; ते पटत नाही. डेबियन १२ आणि उबुंटू २२.०४ या लिनक्सवर ते युनिट (सिस्टममधली सर्व्हिसची नोंद) नुसतं बुजगावणं आहे. खरा पोस्टफिक्स आडवा पडलेला असला तरी तिथे 'ॲक्टिव्ह (एक्झिटेड)' दिसतं. खरं युनिट 'पोस्टफिक्स@-' (शेवटचा डॅश विसरू नका). त्याचं स्टेटस बघा, मग सेटिंगमधल्या चुका शोधणारं 'सुडो पोस्टफिक्स चेक' चालवा.

लॉगमध्ये 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असेल तर पोर्ट २५ (मेल येण्याचा पोर्ट) दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने धरलाय. एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरवर संशय नको, डेबियनची पॅकेजं दोघांना एकत्र बसूच देत नाहीत. पोर्ट कुणाकडे आहे ते दाखवणारी 'एसएस -एलटीएनपी' ही कमांड सुडोनेच चालवा, नाहीतर प्रोसेसचं नाव दिसत नाही. 'डॉकर-प्रॉक्सी' दिसलं, म्हणजे पोर्ट डॉकरच्या एखाद्या कंटेनरने (वेगळ्या डब्यात चालणाऱ्या प्रोग्रामने) धरलाय, तर कंटेनर नुसता थांबवून भागत नाही; रीस्टार्ट पॉलिसी 'ऑलवेज' असेल तर रीबूटनंतर तोच पुन्हा पोर्ट बळकावतो. त्या कंटेनरचं पोर्ट मॅपिंगच (बाहेरच्या पोर्टशी असलेली जोडणी) काढा.