२४ भाषांत नागरिकांची चर्चा खरंच होते का?

वारज्याची_वैशाली: युरोपियन युनियनने भरवलेल्या, युरोपच्या भवितव्यावरच्या परिषदेबद्दल (२०२१-२२) वाचतेय. ८०० सामान्य नागरिक सोडतीने निवडले, २०० जणांचे चार गट केले आणि ज्याने त्याने युनियनच्या २४ भाषांपैकी आपापल्या भाषेत बोलायचं. आमच्या सोसायटीच्या सभेत मराठी, हिंदी, कन्नड एवढ्यातच घोळ! इतिवृत्त इंग्रजीत, आणि तळमजल्यावरच्या कानडी आजी नुसत्या मान डोलावतात. तिकडे कसं जमवतात?

पेठेतला_दुभाषी: जमतं, पण पैसा ओतावा लागतो. भाषेगणिक दुभाष्यांचं बूथ, आत दोघं-तिघं, साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलायची. माल्टीजमधून थेट एस्टोनियनमध्ये नेणारा माणूस मिळणं मुश्किल, म्हणून मध्ये इंग्रजी. विनोद झाला की अर्धं सभागृह उशिरा हसतं. खरी मेख जेवणाच्या सुट्टीत असते. हेडफोन उतरले की इंग्रजी येणारे एका टेबलावर, बाकीचे आपापल्या कोपऱ्यात.

कोथरूडचा_काका: म्हणजे शेवटी इंग्रजीच. मग हा खर्च कशाला?

पेठेतला_दुभाषी: काका, नाहीतर फक्त इंग्रजीवालेच तोंड उघडतील. सोडतीला अर्थ काय उरला? २०२१ च्याच ग्लोबल असेंब्लीत, म्हणजे हवामानबदलावरच्या जागतिक नागरिक-सभेत, जगभरातले १०० जण ऑनलाइन होते. त्यांच्या मदतीला स्थानिक माणूस असे, तोच भाषांतरही करी. वैशालीताई, आजींशेजारी कन्नड येणारं कुणीतरी बसवा. आणि अध्यक्षांना म्हणावं, जरा सावकाश.

वारज्याची_वैशाली: तिसऱ्या मजल्यावरची मुलगी धारवाडची आहे, विचारते. अध्यक्षांना मात्र तुम्हीच सांगा!