घरं हवीतच, पण कुठे?
‘मॉलच्या आवारात घरं बांधली की तिथली दुकानं आपोआप चालतील’ हे मत मला अर्धंच पटतं. दोन-तीनशे कुटुंबांमुळे किराणा, औषधांचं दुकान, कॅफे यांना आधार मिळतो. कपड्यांचं मोठं दालन तेवढ्यावर जगत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटामधला साउथडेल मॉल (१९५६) आखताना वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएनने भोवती घरं, शाळा, बागही योजल्या होत्या. प्रत्यक्षात मॉलभोवती अफाट पार्किंगच पसरलं! कित्येक दशकांनी त्याच पार्किंगच्या एका भागात अपार्टमेंट उभी राहिली.

म्हणून माझा आग्रह जागेबद्दल आहे. घरांची इमारत मॉलच्या मागच्या कोपऱ्यात ढकलू नका. दारातून दुकानापर्यंत सावलीतून चालत जाता आलं पाहिजे. नाहीतर तिथला रहिवासीही गाडी काढेल, आणि एकदा गाडीत बसला की दुसरीकडेच जाईल.