वाटणीचा दावा: मिटवावा की लढवावा?

खानापूरकर
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते आकड्यांनीही पटतं. समजा हिस्सा २० लाखांचा आणि जिंकायची शक्यता दहात सहा. दाव्याची किंमत झाली १२ लाख. वकील, नकला, तारखा यांचा खर्च दोन्हीकडे दोन-दोन लाख. म्हणजे दावा लावणाऱ्याला १० लाखांचीच आशा, आणि समोरच्यावर १४ लाखांचा बोजा. या दोन्हींमधल्या कुठल्याही आकड्यावर मिटवलं तर दोघांचा फायदाच आहे. तरी लोक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापर्यंत जातात, कारण प्रत्येकाला आपणच जिंकणार असं वाटतं. एक स्वतःची शक्यता दहात नऊ धरून १६ च्या खाली उतरत नाही, दुसरा तीच दहात चार धरून १० च्या वर चढत नाही.
त्यात आपल्याकडे भाषेची भर. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. जुनी खरेदीखतं मराठीत, काही तर मोडीत, आणि आजचा उतारा कन्नडमध्ये. मोडी वाचणारा शोधा, भाषांतर करून घ्या. या खर्चानं हिस्सा गुंठाभरही वाढत नाही. पंच बसवा आणि मिटवा.

चिकोडीची लेक
दादा, जमीन कुणाच्या ताब्यात आहे ते आधी विचारा. भाऊ कसतो, उसाचं बिल दरवर्षी त्याच्या खात्यावर पडतं. दावा दहा वर्षं चालला तरी त्याचं काही अडत नाही. बहिणीचं अडतं. ८ टक्के व्याज धरलं तर दहा वर्षांनी मिळणारे २० लाख आज सव्वानऊ लाखांचेच. हे भावालाही कळतं, पंचांनाही कळतं. म्हणून तडजोडीचा आकडा मधे ठरत नाही, तळाला ठरतो.
माझ्या मावशीनं हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा कागद कन्नडमध्ये होता. तिला कन्नड वाचता येत नाही. कुणी वाचून दाखवला नाही, फक्त बोट ठेवलं, "इथं कर." बदल्यात साडीचोळी.
मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. त्यासाठी तेव्हा वडील हयात असायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. कुणीतरी शेवटपर्यंत लढलं म्हणून तो निकाल आला. आज पंच माझं ऐकून घेतात ते त्या निकालाच्या धाकानं. सगळ्यांनी मिटवलं असतं तर मी कशाच्या जोरावर बोलले असते?

खानापूरकर
मावशींच्या बाबतीत झाला तो अन्यायच. पण ताई, दहा वर्षांत जमिनीचा भावही वाढतो, ते तुमच्या सव्वानऊ लाखांत धरलेलं नाही.

चिकोडीची लेक
भाव वाढतो, पण वाद लागलेल्या जमिनीला गिऱ्हाईक पडेल भावानंच मागतं. आणि मधल्या वर्षांचा ऊस कुणी नेला?

बेळगावचा वकील
त्या उत्पन्नाचा हिशेब दाव्यातच मागता येतो. बरेच पक्षकार मागत नाहीत, आणि तडजोडीत तर तो सरळ विसरला जातो. लोक अदालतीबद्दलही सांगतो. तिथं मिटलं तर कोर्ट फी परत मिळते, पण निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. मात्र तुमच्या संमतीशिवाय तो होऊच शकत नाही. पटलं नाही तर नाही म्हणा, प्रकरण कोर्टात परत जातं. कागद मराठीत समजल्याशिवाय सही करू नका.

निपाणीकर
ताईंचा ताब्याचा मुद्दा मोठ्या दाव्यालाही लागू आहे. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात भिजत पडलाय. भाग ज्याच्या ताब्यात, त्याला कसली घाई?

खानापूरकर
तो प्रश्न पैशात मोजता येत नाही, शेतजमीन येते. माझं म्हणणं घरच्या वाटणीपुरतंच आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

चिकोडीची लेक
मग माझा क्रम ऐका. आधी दावा दाखल, भावानं जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम, उत्पन्नाच्या हिशेबाची मागणी. एवढं झालं की पंचांना मीच घरी बोलावीन.